कामाच्या बाकाला तेल द्यावे कसे?



रेडिओवरील आपल्या शेती कार्यक्रमात मागे मी अवजारांच्या दांड्यांना जवसाचे तेल चोळण्याबद्दल बोललो होतो. वेळ दहा मिनिटांचा. त्यात कुऱ्हाड, कुदळ आणि फावडे एवढेच आटोपले. त्यानंतर आलेल्या पत्रांत बऱ्याच जणांची विचारणा एकच होती : “साहेब, दांड्याचं समजलं. पण गोठ्याच्या पडवीत आम्ही कामाचा बाक केला आहे, त्याच्या फळीला काय लावावं?” एका बंधूने दुकानदाराच्या सांगण्यावरून चकचकीत वॉर्निश मारले, आणि एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघाले. दुसऱ्याने ट्रॅक्टरचे काढलेले काळे तेल ओतले; आता बाकावर हात टेकला की सदरा धुवायला टाकावा लागतो. तिसऱ्याने काहीच लावले नाही, तर त्याची फळी मधोमध उलली. या तिघांनाही उत्तर देण्यासाठी हे पत्रक.

काही वाचक म्हणतील, बाकाचे एवढे काय कौतुक? पण हिशेब करून पहा. वखराची दांडी बसवायची, तिफणीचा फण नीट करायचा, फवारणी पंपाचा वायसर बदलायचा, विळ्याची मूठ ठोकायची, ही सगळी कामे पूर्वी जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यात वस्तू धरून होत. ज्याने बाक केला त्याच्या पाठीला आराम पडला आणि कामही सरळ होऊ लागले. अशा बाकासाठी दीड-दोन इंच जाडीची सागाची किंवा बाभळीची फळी आज सहजासहजी मिळत नाही, आणि मिळाली तर तिची किंमत ऐकून माणूस दोनदा विचार करतो. ती फळी वीस-तीस वर्षे टिकायला हरकत नाही. मात्र त्यासाठी तेल म्हणजे काय, आणि ते वाळते म्हणजे नेमके काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. एवढे एक कळले की पुढचे सगळे आपोआप कळते.

तेल वाळते म्हणजे काय?

धोतर वाळत घातले की त्यातले पाणी उडून जाते आणि धोतर हलके होते. तेलाचे तसे नाही. जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू आपल्यात ओढून घेते. तो घेता घेता तेलाचे कण एकमेकांत गुंतत जातात, आधी चिकट होतात, मग घट्ट होतात आणि शेवटी चामड्यासारखी एक लवचिक साय तयार होते. म्हणजे ‘वाळलेले’ तेल ओल्या तेलापेक्षा वजनाने हलके नसते, उलट किंचित जडच भरते. करडईच्या तेलाच्या बरणीच्या तोंडाशी जो पिवळा चिकट थर जमतो तो याच जातीचा. तुमच्या घरात तो घासताना बायकामाणसांची नखे दुखतात, यावरून तो किती चिवट असतो हे ध्यानात येईल.

सगळी तेले असे वागत नाहीत. जवसाचे तेल यात सर्वांत पुढे. करडईचे तेल वाळते पण फार सावकाश. शेंगदाण्याचे, खोबऱ्याचे, मोहरीचे तेल खऱ्या अर्थाने वाळतच नाही. लाकडावर ते तसेच राहते, धूळ धरते, खवट होते आणि मुंग्यांना व उंदरांना आमंत्रण देते. करंजाचे आणि लिंबोळीचे तेल किडीला नकोसे असते हे खरे, म्हणून जुनी माणसे ते लाकडाला चोळीत. पण तेही वाळत नाही, त्यामुळे ज्यावर रोज हात आणि कापड टेकणार त्या फळीवर ते नको.

आता काळ्या तेलाबद्दल. इंजिनचे तेल जमिनीतून निघालेले. ते कितीही दिवस ठेवले तरी वाळणार नाही, कारण इंजिनमध्ये वाळू नये म्हणूनच ते केलेले असते. शिवाय वापरून काढलेल्या तेलात कातडीला अपायकारक अशी काजळी आणि जळके पदार्थ असतात. कुंपणाच्या खांबाच्या बुडाला लोक ते लावतात. पण ज्या बाकावर आपण बियाण्याची पिशवी ठेवतो, दुपारी भाकरीचे फडके सोडतो, त्या बाकाला हे तेल लावणे म्हणजे रोज थोडे थोडे अंगाला लावून घेणेच झाले. डिझेल मिसळून तेल पातळ करणारेही पुष्कळ आहेत. तेही करू नका.

वॉर्निश का नको?

वॉर्निश वाईट असते असे माझे म्हणणे नाही. दाराला, कपाटाला, देवघराच्या चौरंगाला ते शोभते. पण वॉर्निश काय किंवा चपड्याचे पॉलिश काय, ते लाकडाच्या वर बसते, आत जात नाही. कामाच्या बाकावर हातोडा पडणार, व्हाइसच्या तोंडातून लोखंड घसरणार, पटाशीचे टोक रुतणार. जिथे वरचा पापुद्रा फुटला तिथून पाणी आत जाते आणि बाजूच्या न फुटलेल्या पापुद्र्याखाली अडकून बसते. तिथे लाकूड काळे पडते, पापुद्रा उचलतो, आणि दुरुस्ती करायची तर सगळी फळी खरवडावी लागते. तेलाचे असे नाही. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागेवर पॉलिश पेपर फिरवा, चार थेंब तेल चोळा, झाले. वॉर्निश लावलेला बाक दिसायला नवरदेव असतो खरा, पण बाकाने कामाला उतरायचे असते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. तेल दिलेली फळी पाणी पूर्णपणे अडवत नाही. ते पाणी शिरण्याचा वेग कमी करते. त्यामुळे पागोळ्यांखाली बाक ठेवायचा आणि तेलाला दोष द्यायचा, हे चालणार नाही. बाक छपराखालीच हवा.

फळीचे वागणे

लाकूड कापून वर्षे लोटली तरी ते हवेतला ओलावा घेते आणि सोडते. पावसाळ्यात फुगते, वैशाखात आवळते. गंमत अशी की लांबीत ते जवळजवळ हलत नाही, हलते ते रुंदीत. हातभर रुंदीची फळी आषाढ ते वैशाख या काळात दोन-तीन सुतांनी कमीजास्त होऊ शकते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साग कमी हलतो, बाभूळ जास्त. म्हणून सुताराने फळी चारी कोपऱ्यांत खिळ्यांनी जखडली असेल तर ती आवळताना कुठे तरी उलणारच. तिसऱ्या पत्रलेखकाचे तेच झाले असावे. फळी बोल्टने बसवावी, मधले बोल्ट घट्ट आणि कडेच्या बोल्टांची भोके रुंदीच्या दिशेने थोडी लांबट, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. गावच्या सुताराला हे माहीत असते. घाईत तो करत नाही. उभे राहून करून घ्या.

याच कारणासाठी तेल दोन्ही अंगांना द्यायचे. नुसत्या वरच्या अंगाला तेल दिले तर खालचे अंग ओलावा भराभर घेते आणि वरचे सावकाश. खालचे जास्त फुगते आणि फळी वाकते. अशा कितीतरी फळ्या मी पाहिल्या आहेत. वरून आरशासारख्या, आणि खाली हात घातला तर कोरड्या ठणठणीत.

आणि टोके! लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी आहे असे समजा. फळीच्या दोन्ही टोकांना या नळ्यांची तोंडे उघडी असतात. पाणी सर्वांत जास्त तिथून शिरते आणि तिथूनच निघते, म्हणून फाटाही टोकापासूनच पडतो. टोके तेल पिताना दिसतात. लावले की गडप, लावले की गडप. ती प्यायची थांबेपर्यंत पाजत राहा. वरच्या अंगाला तीन हात दिलेत तर टोकांना पाच-सहा लागतील. कंजूषपणा इथे करू नका.

किडीचे आधी पाहा

जवसाच्या तेलाने वाळवी किंवा लाकूड पोखरणारी कीड थांबत नाही. हा गैरसमज पुष्कळ आढळतो. बाभळीचा आणि आंब्याचा सालीलगतचा पांढरा भाग किडीला फार आवडतो, कारण त्यात पिष्ट असते. जुने लोक बाभळीचे ओंडके महिनोन् महिने तळ्यात किंवा विहिरीत बुडवून ठेवीत, ते यासाठीच. रस आणि पिष्ट पाण्यात उतरून जाते आणि किडीला खायला काही उरत नाही. तशी फळी मिळाली तर उत्तम. नाही तर शक्य तो गाभ्याचेच लाकूड घ्या.

फळीखाली मैद्यासारखे बारीक पीठ पडलेले दिसले की कीड लागली असे समजावे. तेल देण्याआधी टाकणखार आणि बोरिक पावडरीचे पाणी द्यावे. दोन लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. कोरड्या, तेल न लावलेल्या फळीला कुंचल्याने भरपूर पाजा, दोन-तीन वेळा. मग आठवडाभर सावलीत वाळू द्या आणि त्यानंतरच तेल. क्रम उलटा झाला तर तेलावरून पाणी आत जाणार नाही. हे पाणी पोटात जाण्याचे नाही. मुले आणि जनावरे दूर ठेवा, भांडे परत स्वयंपाकघरात नेऊ नका. उरलेले पाणी वाफ्यात किंवा परसबागेत ओतू नका, जादा बोरॉन पिकाला मारते. मुळात लागेल तेवढेच करा.

वाळवीसाठी सोपा उपाय म्हणजे बाकाचे पाय मातीत न पुरता चपट्या दगडावर ठेवणे. वाळवीला चढायचेच असेल तर ती दगडावरून मातीची नळी बांधीत येते, आणि ती नळी डोळ्यांना दिसते. दिसली की मोडायची. पाय मातीत असेल तर ती आतल्या आत फळीपर्यंत पोचते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

कोणते तेल, कधी, किती

बाजारात रंगाच्या दुकानात ‘बेलतेल’ मागा. ते उकळलेले जवसाचे तेल. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात. एक हात एका-दोन दिवसांत वाळतो. आपल्या विदर्भात घाण्याचे कच्चे जवसाचे तेल घरात असते. तेही चालते, पण एकेका हाताला आठवडा आणि ओल असली तर त्याहून जास्त लागतो. शिवाय दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. कच्चे तेल घरी उकळून बेलतेल करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. नुसते तापवून ते बेलतेल होत नाही, आणि कढई पेटली तर पाणी टाकूनही विझत नाही, उलट भडकते.

इथे एक सूचना, जी मला चौकट करून छापायला हवी होती. आपल्याकडे जनावराला पोटफुगी झाली की जवसाचे तेल पाजण्याची रीत आहे. बेलतेल कधीही पाजू नका. त्यातले क्षार विषारी असतात. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या. रात्रीच्या वेळी बैल फुगलेला, घरात धावपळ, हाताला लागली ती बाटली घेतली, असे होऊ शकते. म्हणून बेलतेलाच्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘फक्त लाकडासाठी’ असे लिहून ठेवा, आणि तो जनावरांच्या औषधांच्या फळीवर ठेवू नका.

वेळ म्हणाल तर अक्षय्य तृतीयेपासून मृग लागेपर्यंतची. अवजारे दुरुस्तीचेही तेच दिवस. लाकूड पूर्ण सुकलेले असते, उष्णतेने तेल पातळ होऊन आत जाते आणि कोरड्या हवेत लवकर वाळते. पावसाळ्यात तेल देऊ नका. आतला ओलावा आतच कोंडेल आणि वरचे तेल चिकट राहील.

सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद बाकाला दोन्ही अंगे मिळून अर्धा लिटर तेल भरपूर होते. आणखी पाव लिटर टर्पेंटाइन घ्या.

प्रत्यक्ष काम

फळी आधी रंध्याने किंवा पॉलिश पेपरने साफ करा, लाकडाच्या रेघेच्या दिशेने. आडवे घासाल तर ओरखडे तेल लागल्यावर उठून दिसतील. 80 नंबरचा पेपर, मग 120 चा. त्यापुढे घासू नका. बाक आहे, पाट नाही. फार गुळगुळीत झाला तर वस्तू घसरतात. भुसा झटकून ओल्या नव्हे, कोरड्या फडक्याने पुसा. नवा साग असेल तर टर्पेंटाइनच्या फडक्याने एकदा पुसून घ्या, कारण सागाच्या अंगात स्वतःचा तेलकटपणा असतो आणि त्यावर तेल वाळायला कुरकुर करते.

पहिला हात अर्धे तेल आणि अर्धे टर्पेंटाइन असा पातळ. टर्पेंटाइन पेट घेणारे आहे. चूल, कंदील, विडी, सगळे लांब. फडक्याने तेल फळीभर पसरा, कोरडी जागा दिसली की तिथे आणखी द्या, आणि वीस मिनिटे थांबा. मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने जेवढे वर राहिले असेल तेवढे सगळे पुसून काढा. सगळे म्हणजे सगळे. नेमके इथे आपले लोक चुकतात. “एवढं महाग तेल, पुसून कशाला टाकायचं?” असे म्हणून वर थर ठेवतात. पण तेल वाळते ते हवा लागून, हे आपण वर पाहिले. जाड थराची वरची साय आधी घट्ट होते, मग खाली हवा पोचत नाही, आणि तो थर महिनोन् महिने चिकट राहतो. त्यावर गव्हाचा कोंडा, कुटार, माशी, जे पडेल ते बसते. लाकडाच्या आत गेलेले तेल तेवढे कामाचे, वर राहिलेले निव्वळ नुकसानीचे.

दुसऱ्या दिवशी बोट फिरवून पाहा. चिकटले नाही तर दुसरा हात, या वेळी टर्पेंटाइन एक चतुर्थांश. तिसरा हात निव्वळ तेलाचा, पण अगदी थोडा, जोर लावून चोळलेला, तळहाताखाली फळी कोमट लागेपर्यंत. खालच्या अंगाला दोन हात पुरेत. नंतर आठवडाभर बाकावर काम करू नका. माझ्या अनुभवात हा आठवडा कोणीच पाळत नाही. निदान तीन दिवस तरी पाळा.

व्हाइसखाली आणि जिथे बॅटरी, ग्रीस, घासणी यांचे काम असेल तिथे पत्र्याचा तुकडा ठोका. फवारणीचे औषध या बाकावर मोजू नका, कालवू नका. तेल दिलेले लाकूडही सांडलेले औषध पिते, आणि पिलेले औषध कशानेही धुऊन निघत नाही.

चिंध्या

आता मुख्य गोष्ट. जवसाचे तेल प्राणवायू ओढून घेते असे वर सांगितले. तसे होताना उष्णता निर्माण होते. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो तापतो, ओलसर कडबा गंजीत दाबला की आतून गरम होतो, हे आपण जाणतो. फळीवर पसरलेल्या तेलाची उष्णता हवेत निघून जाते, आपल्याला कळतही नाही. पण तेच तेल चिंधीत असेल, चिंध्यांचा बोळा केलेला असेल आणि तो कोपऱ्यात टाकला असेल, तर? चिंधीच्या प्रत्येक धाग्यावर तेलाचा पातळ थर, म्हणजे हवा भरपूर मिळते. आणि बोळ्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही. जितके तापते तितके तेल जास्त भराभर हवा घेते, आणि जितके घेते तितके आणखी तापते. काही तासांत तो बोळा आपोआप पेटतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही.

हे मी पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही असेल. तरी आमच्याच घरी ते घडले आणि तेही माझ्या हातून. नोकरीला लागून मला तीन-चार वर्षे झाली होती. वैशाखात सुट्टीवर गावी गेलो आणि वडिलांच्या जुन्या बाकाला हौसेने तेल दिले. दुपारभर घासले, पुसले. तीन-चार चिंध्या आणि पुसायला घेतलेला कापसाचा पुंजका रंध्याच्या छिलप्यांच्या टोपलीत टाकला आणि ती टोपली बाकाखाली सरकवली. रात्री आम्ही अंगणात बाजा टाकून निजलो. दहाच्या सुमारास वडील उठून बसले आणि म्हणाले, “या वेळी कोणाकडे तळण चाललंय रे?” वास खरोखर कढईसारखा येत होता. मग धूर दिसला. टोपलीचे बूड जळून गेले होते, बाकाचा एक पाय काळा पडला होता, आणि तिथून चार हातांवर वर्षाचा कडबा रचलेला होता. हौदाचे पाणी जवळ होते म्हणून निभावले.

खरी गोष्ट त्यानंतरची. आमच्या सालदाराला विडीची सवय. शेजारीपाजारी जमले, आणि कोणी तरी म्हणाले, “यानंच थोटूक टाकलं असणार.” वडील संतापलेले. ते त्याला नको ते बोलले. तो एवढेच म्हणत होता, “मालक, मी सांजच्यापासून पडवीत गेलोच नाही.” त्याचे कोणी ऐकले नाही. मीही गप्प बसलो, कारण मलाही विडीच वाटली. दोन दिवसांनी, उरलेल्या चिंध्या उचलताना मला वर्गातला तो धडा आठवला. मोकळ्या अंगणात, शेजारी पाण्याची बादली ठेवून, तसाच बोळा करून मी डब्यात ठेवला. तिसऱ्या प्रहरी त्याच्या मधोमध बोट घालवेना इतका तो तापला होता. मी वडिलांना बोलावून दाखवले. त्यांनी तो बोळा बादलीत बुडवला आणि काही न बोलता सालदाराच्या घराकडे गेले. हा प्रयोग तुम्ही करू नका. मी केला तो पुरे.

तेव्हा काम संपले की चिंध्या अशा हाताळा. एक एक चिंधी सोडवून, घडी न करता, अंगणात तारेवर वाळत घाला. कडबा, कुटार, छप्पर आणि कुडाची भिंत यांपासून लांब. दोन-तीन दिवसांत ती पुठ्ठ्यासारखी कडक होते. तेल पुरते वाळले, आता धोका नाही, फेकून द्या. वाळत घालायला वेळ नसेल तर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा आणि सकाळी वाळत घाला. टोपलीत, पोत्यात, खिशात किंवा ट्रॅक्टरच्या सीटखाली चिंधी कोंबू नका. चुलीतही टाकू नका, टर्पेंटाइनचा भडका तोंडावर येतो.

आपल्या भागात चिंधीऐवजी कापसाचा बोळा वापरतात. तो चिंधीपेक्षाही घातक, कारण कापसाचे तंतू अधिक मोकळे असतात आणि त्यांच्यावर तेल फार पातळ पसरते. सांडलेल्या तेलावर भुसा टाकून झाडून काढला असेल तर त्या भुशाचेही तेच. तो पाण्यात कालवून मोकळ्या जागी पसरून टाका. शेंगदाण्याच्या तेलाचे फडके असे सहसा तापत नाही, म्हणून ‘आम्ही जन्मभर तेलाची फडकी ठेवतो, काही होत नाही’ असा अनुभव सांगू नका. तेलातेलांत फरक आहे.

काळे तेल ओतलेल्या बाकाचे काय?

ज्या बंधूने काळे तेल ओतले त्यांच्यासाठी. आधी कोरडा भुसा पसरून दोन दिवस ठेवा, तेल ओढले जाईल. भुसा बदलून पुन्हा एकदा. मग धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ताठ ब्रशने घासा, लगेच पुसा आणि पंधरा दिवस वाळू द्या. त्यानंतर रंध्याने वरचा एक पातळ थर काढा. आत खोल गेलेले तेल पूर्ण निघणार नाही, तिथे बेलतेल डाग डाग होऊन वाळेल. दिसायला चितकबरा बाक होईल, पण सदरा खराब करणार नाही. डाग फारच असतील तर फळी उलटी करून खालचे अंग वर घ्यावे. ज्यांची फळी उलली त्यांनीही फट लांबीने भरू नये. पावसाळ्यात फळी फुगली की लांबी बाहेर पडते. कडेचे खिळे काढून लांबट भोकांत बोल्ट बसवा. उललेल्या जागी खालून आडवी पट्टी द्या, मात्र पट्टीला एकाच बाजूला पक्का स्क्रू, दुसरीकडे लांबट भोक.

पुढे दर वर्षी मृगाआधी फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर काही करायची गरज नाही. पसरून लाकूड गडद दिसू लागले तर एक पातळ हात द्या. व्हाइसच्या आसपास आणि आपण नेहमी उभे राहतो त्या कडेला तो लवकर लागतो.

उरलेले बेलतेल अर्ध्या रिकाम्या डब्यात ठेवले तर आतल्या हवेने त्यावर साय धरते. लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच घट्ट लावून ठेवा. साय धरलीच तर तेल फेकू नका, फडक्यातून गाळून घ्या; खालचे तेल चांगले असते. आणि ते गाळलेले फडकेही अंगणातल्या त्याच तारेवर.